पाच हातांचा मंडप

पडदा जमिनीला टेकायला हवा होता. तो पोटरीपाशीच थांबला.

सिस्टर मागच्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने तो पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला, मग खालपासून वरपर्यंत पाहिला, तेवढ्याने तो लांब होणार असल्यासारखा. निळ्या, जांभळ्या आणि लाल कापडाचे चार पडदे, थोरलीने उन्हाळाभर शिवणयंत्रावर बसून शिवलेले, गेल्या वर्षीच्या पायजम्यासारखे वर चढून लटकत होते. चारही खांब एकमेकांना खेटून उभे होते. खांबांवरच्या आडव्या दांड्या दोन्ही बाजूंनी चांगल्या वीतवीतभर बाहेर आल्या होत्या. आणि हे सगळं ताणून धरायच्या दोऱ्या खुंट्यांपर्यंत पोचतच नव्हत्या. सहा वर्षांची पिटुकली एक दोरी दोन्ही हातांनी ओढत खुंटीला "अगं, तू तरी ये ना इकडे" म्हणून समजावत होती.

"संध्याकाळी चर्चची मंडळी येणार आहेत," सिस्टर म्हणाली. "आणि दुपारी जेवायला तुमची आई. हे बघायला."

शेवटचं वाक्य नवऱ्यासाठी होतं. नवरा शिडीवर होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आयुष्य उंचावर आणि खड्ड्यात गेलेलं, त्यामुळे शिडीवर तो इतर लोक खुर्चीवर बसतात तसा निवांत असे. लग्नाआधी ज्या इस्पितळात ती नर्स होती, तिथली लिफ्ट दर आठवड्याला बिघडायची, आणि याच माणसाने "सिस्टर, जरा टॉर्च धरता का" म्हणत म्हणत तिला मागणी घातली होती. मागणी मान्य झाली, लिफ्टही तेव्हापासून कधी बिघडली नाही म्हणे, पण "सिस्टर" हे नाव काही सुटलं नाही. नवराही तेच म्हणे, नणंदही, आणि चर्चमध्ये नवी आलेली माणसं हे ऐकून दचकत.

"थांब, थांब," लिफ्टवाला वरून म्हणाला. "यात काहीतरी गंमत आहे."

"गंमत!" सिस्टर म्हणाली आणि थोरलीकडे वळली. "पाच हात लांब, पाच हात रुंद, पाच हात उंच. एवढंच होतं ना? पंधरा वर्षांची झालीस, भूमितीची प्रमेयं घडाघडा म्हणतेस, आणि पाचपर्यंत मोजता येत नाही? कापड कापण्याआधी एकदा मला विचारायला काय झालं होतं?"

थोरलीने पडद्याची कड हातात धरली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि सोडून दिली. टाके सुरेख होते. सिस्टरलाही ते दिसत होतं, आणि त्यामुळे तिचा पारा आणखीच चढला. इतकं सुरेख आणि इतकं आखूड!

या घरात उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हती. मुलं शाळेत जातच नव्हती, मग सुट्टी कशाची? थोरली पाच वर्षांची झाली तेव्हा लिफ्टवाल्याने ठरवलं होतं की आपली मुलं आपण घरीच शिकवायची. दिवसाची सुरुवात बायबल उघडून, शास्त्रवाचनाने आणि गाण्याने करायची, गणित स्वयंपाकघरात शिकायचं, विज्ञान अंगणात. आपण शिकवायची म्हणजे अर्थातच सिस्टरने, कारण लिफ्टवाला दिवसभर लोकांच्या लिफ्टमध्ये. तिलाही ते मनापासून पटलं होतं, हे तिने कधी नाकारलं नाही. नोकरी तिने आपण होऊन सोडली होती. मात्र उन्हाळा हा लिफ्टवाल्याचा. एक उन्हाळा, एक काम, सगळ्यांनी मिळून, असा त्याचा नियम होता. एका उन्हाळ्यात त्यांनी गांडुळं पाळली आणि ती न्हाणीघरात सापडू लागली. एका उन्हाळ्यात घरचं वर्तमानपत्र काढलं. ते दुसऱ्या अंकाला बंद पडलं, कारण संपादक थोरली होती, छपाई मधल्याकडे होती आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. आणि या उन्हाळ्यात मंडप. शास्त्रात अरण्यातल्या ज्या पवित्र मंडपाचं वर्णन आहे, त्याचं छोटं रूप, मागच्या अंगणात. मोजायचं फक्त हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, जुन्या लोकांसारखं. टेपला बंदी. उन्हाळ्याच्या पहिल्याच दिवशी लिफ्टवाल्याने घरातले सगळे टेप गोळा केले होते आणि शिवणाच्या पेटीत टाकून किल्ली सिस्टरकडे दिली होती.

"मोजायला देवाने प्रत्येकाला हात दिलाय," तो तेव्हा म्हणाला होता आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता तोच हात कपाळाला लावायची वेळ आली होती.

"भुंग्या," लिफ्टवाल्याने शिडीवरून मधल्याला विचारलं, "खड्डे कुणी आखले?"

"मी," मधला म्हणाला. त्याला भुंगा म्हणत, कारण तो काम करताना सतत गुणगुणायचा. "पाच हातांवर एक. बरोब्बर. तीनदा मोजले."

"कुणाच्या हाताने?"

"माझ्या! तुम्हीच म्हणालात ना, आपापल्या."

लिफ्टवाल्याने आपला लांबलचक हात वर केला. खांब आणि दांड्या त्याने स्वतः कापल्या होत्या. मग त्याने भुंग्याच्या हाताकडे पाहिलं, मग दोरी ओढत बसलेल्या पिटुकलीच्या, कारण दोऱ्या तिने मोजल्या होत्या. आणि तो हसायला लागला. शिडी हलेपर्यंत हसला.

"सिस्टर! अगं, कुणीच चुकलेलं नाही! सगळ्यांचं बरोबर आहे! काय सुंदर धडा आहे हा!"

सिस्टरने डोळे मिटले. या माणसाबरोबरच्या संसारात तिला जर कशाचा खरोखर वीट आला असेल, तर तो या धड्याचा. या घरात काही नुसतं बिघडतच नसे. दूध उतू गेलं की धडा, कुलूप अडकलं की धडा, पिटुकलीने नाकात वाटाणा घातला तेव्हासुद्धा धडा. आणि धडा तो द्यायचा, वाटाणा सिस्टर काढायची.

"धडा नंतर घ्या," ती म्हणाली. "खाली या आधी. आणि तू," थोरलीला, "आत जा, टेबल मांड. निदान ताटं तरी मोजून ठेव."

हे शेवटचं बोलायला नको होतं. बोलल्याबरोबर तिला ते कळलं, पण थोरली तोवर आत गेली होती.

*

जेवायला मोठ्या बाई आणि दातआत्या एकाच रिक्षातून आल्या आणि नेहमीप्रमाणे रिक्षात भांडून, तोंडं विरुद्ध दिशांना करून उतरल्या. मोठ्या बाई म्हणजे सिस्टरच्या सासूबाई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरातले "आई" म्हणत, बाकी सगळं गाव मोठ्या बाई. लिफ्टवाल्याने मुलांना घरी शिकवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी वर्षभर या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. "मी लोकांच्या हजारो मुलींना शिकवलं आणि माझी नात चुलीपाशी बसून शिकणार!" असं त्या चर्चच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या होत्या. मग राग निवळला आणि त्या दर गुरुवारी व्याकरण शिकवायला येऊ लागल्या. दातआत्या म्हणजे लिफ्टवाल्याची थोरली बहीण, दंतवैद्य, एकटी राहणारी, आणि मुलांना चोरून चॉकलेट देणारी जगातली बहुधा एकमेव दंतवैद्य.

मोठ्या बाईंनी खिडकीतून मंडप पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"धडा," सिस्टर म्हणाली आणि सूपचं पातेलं टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

सगळे बसले. आता या घरातली आभाराची फेरी. ही रीत सासऱ्यांनी घालून दिलेली. जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि धाकट्यापासून थोरल्यापर्यंत एकेकाने देवाचे आभार मानायचे. एक बोलत असताना आमेन होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. सासरे गेले, पण नियम राहिला, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. या कुटुंबात जे तोंडावर बोलता येत नसे, ते लोक देवाला सांगू लागले. देवाला सांगताना कुणी अडवू शकत नाही. लिफ्टवाल्याने सिस्टरशी लग्न ठरवलं तेही घरच्यांना असंच कळलं होतं, आणि सासऱ्यांनी आमेन होईपर्यंत श्वास रोखून धरला होता म्हणतात.

"देवा, तुझे आभार," पिटुकलीने सुरुवात केली, "कारण माझ्या दोऱ्या आखूड झाल्या तरी मला कोणी ओरडलं नाही, फक्त दीदीला ओरडले. आमेन."

"देवा, तुझे आभार," भुंगा म्हणाला, "माझे खड्डे बरोबर आले. आणि ज्यांचं चुकलं त्यांना क्षमा कर. आमेन."

थोरलीची पाळी आली. सिस्टरने मिटल्या डोळ्यांनी वाट पाहिली.

"अन्नासाठी आभार. आमेन."

सिस्टरची प्रार्थना सगळ्यांना पाठ होती, कारण ती कधी बदलली नव्हती. "अन्नासाठी आभार, धीर दे. आमेन." मुलं घरी शिकू लागल्यापासून ती हेच मागत होती, आणि पुरवठा मागणीच्या मानाने कमीच पडत आला होता.

लिफ्टवाल्याने मात्र मंडपाचा धडा देवाला सविस्तर सांगितला. प्रत्येकाचा हात वेगळा, तरी प्रत्येकाचं माप तुझ्या दृष्टीने खरं, वगैरे. सूपची वाफ येईनाशी झाली. शेवटी त्याचं आमेन झालं आणि दातआत्याने घसा साफ केला.

"हे प्रभू," ती म्हणाली, "तुझे आभार, तू आमच्या थोरलीला चांगले दात दिलेस."

इथपर्यंत ठीक होतं.

"इतके चांगले की त्यांना तारेची तशी गरजच नव्हती. तरी उन्हाळाभर ती माझ्याकडे तार तपासून घ्यायला येत होती. हे प्रभू, तुला माहीतच आहे की ती दवाखान्यात नव्हती, शेजारच्या शाळेत बसत होती. उन्हाळी वर्गात. मीच बसवली. तिथल्या बाई म्हणतात, सत्र सुरू होईल तेव्हा हिला घेऊ, पण आईवडिलांनी सोमवारी येऊन बोलायला हवं. आणि ही पोर सांगत नाही. रोज ठरवते आणि रोज गिळते. तर हे प्रभू, तिला धैर्य दे, आणि जमत नसेल तर माझं एवढं चालवून घे. आमेन."

सिस्टरने डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर काय झालं असतं कोण जाणे. उन्हाळाभर! आठवड्यातून दोनदा तिने पोरीला खसाखसा दात घासायला लावले होते, आत्याला त्रास नको म्हणून. डबा दिला होता. तो डबा पोरीने कुठल्या तरी बाकावर बसून खाल्ला होता.

नियमाप्रमाणे आता मोठ्या बाईंची पाळी होती. आणि सगळ्यांना वाटलं की आता त्या सुटल्याच. मोठ्या बाई दहा वर्षं ज्या गोष्टीची वाट बघत होत्या ती ताटात येऊन पडली होती.

"परमेश्वरा," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज प्रार्थनासभेतला नव्हता, वर्गातला होता, "माझ्या मुलीला अक्कल दे. मी सगळा जन्म शाळेत काढला. एका वर्गात साठ मुली. कुणाला काय येतं हे परीक्षेपर्यंत कळत नाही. आणि ही माझी नात गुरुवारी माझ्यासमोर बसून वाक्यपृथक्करण करते ते ऐकून मला... परमेश्वरा, मी हिला समोर बसवून शिकवते आहे, ते यांना बघवत नाही का? आता मध्येच कुठे घालता तिला त्या गोंगाटात?"

"आई!" दातआत्या म्हणाली.

"माझं आमेन झालेलं नाही!"

"अगं, पण तूच तर दहा वर्षं..."

"परमेश्वरा, हिला सांग, माणसाचं मत बदलू शकतं. माझे गुरुवार..."

"प्रभू," लिफ्टवाला मध्येच म्हणाला, डोळे अजून घट्ट मिटलेले, आवाज घोगरा, "मी पुन्हा एकदा तुझ्यापुढे येतो. आम्ही काय कमी केलं ते मला कळू दे..."

"तुझी फेरी झाली!" दातआत्या.

"तू माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवलंस, ताई! आणि तेही तुझ्या खुर्चीवर बसवून!"

"परमेश्वरा, माझं अजून..."

सिस्टरने डोळे उघडले. टेबलाभोवती सगळे मोठे लोक डोळे मिटून, हात जोडून, एकमेकांवर ओरडत होते. भुंगा एका डोळ्याने हे सगळं साठवून घेत होता. पिटुकली पाव खात होती. आणि समोर थोरली, डोळे सताड उघडे, सिस्टरकडे बघत बसली होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. बापाकडे नाही, आत्याकडे नाही. फक्त आईकडे.

"आमेन," सिस्टर मोठ्याने म्हणाली.

या घरात आजवर कुणी दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन लावलं नव्हतं. मोठ्या बाईंनी डोळे उघडून सुनेकडे पाहिलं, वर्गात कुणीतरी बाकावर उभं राहावं तसं.

"देवाला जेवू द्या जरा," सिस्टर म्हणाली. "त्याच्या आडून बास झालं. ताई, तुम्ही माझ्या पोरीला माझ्या पाठीमागून शाळेत नेलंत?"

"पाठीमागून नेऊ नको तर काय करू?" दातआत्याचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता. "तुझी पाठ कुठे सापडते, सिस्टर? तू त्या पोरीच्या चारही बाजूंनी असतेस. सकाळी उठवणारी तू, शिकवणारी तू, तपासणारी तू, जेवायला घालणारी तू. ती माझ्या खुर्चीवर बसून रडली. दात दुखत नव्हता. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू बदलली असतीस? तू आणखी एक तास वाढवला असतास."

लिफ्टवाल्याने चमचा खाली ठेवला. तो रागावलेला दिसत नव्हता. सिस्टरला ते जास्त कठीण गेलं; त्याच्या रागाशी भांडता येत असे. "बाळा," तो थोरलीला म्हणाला, "शाळेत असं काय आहे? तिथे कुणी तुला मंडप करायला देईल? तिथे कुणी सकाळी तुझ्यासाठी प्रार्थना करेल?"

"नाही, पप्पा."

"मग?"

"तिथे मी चुकले," थोरली म्हणाली. "पहिल्याच दिवशी, फळ्यापाशी. सगळ्यांसमोर. आणि त्या बाई म्हणाल्या, बस खाली, पुढची कोण. एवढंच! पप्पा, पुढची मुलगी उठली आणि माझं चुकलेलं संपलं. कुणी त्याच्याबद्दल बोललंच नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, प्रार्थनेत नाही." तिने समोरचा चमचा सरळ केला. "प्रार्थना मी करते की तिथेही. मनात. मला देव सोडायचा नाहीये. मला फक्त... मला अशा माणसासमोर चुकायचंय, ज्याने मला लहानपणी न्हाऊ घातलेलं नाही."

मोठ्या बाईंनी रुमाल काढला आणि नाक पुसलं.

लिफ्टवाला उठला. "सूप चांगलं झालंय," तो म्हणाला. त्याने ते चाखलंही नव्हतं. तो मागच्या दाराने अंगणात गेला, आणि थोड्या वेळाने फावड्याचा आवाज येऊ लागला.

*

सिस्टर पडदे घेऊन शिवणाच्या खोलीत गेली. संध्याकाळी माणसं येणार होती, जग बुडालं तरी पडद्यांना झालर जोडायला हवी होती, आणि मुख्य म्हणजे टेबलापाशी बसून राहणं तिला शक्य नव्हतं. तिला फार लागलं होतं. पोरगी वाचायला शिकली ती तिच्या मांडीवर. भागाकार शिकली ती भाकरीचे तुकडे करत. कोणत्या शब्दावर अडते, कोणत्या बेरजेला नखं खाते, हे सिस्टरला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि आता हेच म्हणे जास्त झालं.

तिने किल्लीने शिवणाची पेटी उघडली. टेप, शिवण झाल्यावर तिनेच आवरून टाकलेले कात्री-खडू, आणि त्यांत अडकलेला सुतळीचा एक तुकडा. दोन्ही टोकांना गाठी. हा कशाचा, म्हणून तिने तो उचलला, आणि सहज, काही विचार न करता, कोपराला लावला. दुसरी गाठ मधल्या बोटाच्या टोकावर आली.

मग तिला आठवलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला भुंगा आणि पिटुकली कुणाचा हात खरा यावरून भांडत होती, थोरली कापड पसरून कात्री घेऊन बसली होती, गॅसवर काहीतरी करपत होतं. सिस्टरने सुतळी घेतली, आपल्या हाताला लावली, दोन गाठी मारल्या आणि थोरलीकडे फेकली. "हे घे. हा आपला हात. आता मला परत विचारायला येऊ नकोस."

विचारायला येऊ नकोस. आणि आज सकाळी? मला विचारायला काय झालं होतं!

"मी लावते झालर," दारातून थोरली म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं.

सिस्टरने सुतळी वर धरली. "हे तू सकाळी का नाही सांगितलंस?"

"तू रागावली होतीस."

"म्हणून काय झालं? मी आधी कधी रागावले नाही का? मुकाट्याने बोलणी खाल्लीस. सगळ्यांसमोर मी तुला पाचपर्यंत मोजता येत नाही म्हटलं, आणि माप माझं होतं! बोलायचं ना! एरवी चुरूचुरू बोलतेस!"

ती पुन्हा रागावली होती, हे तिच्या लक्षात आलं. थोरलीच्याही आलं.

"मम्मी, कुणाचीही आई रागावली ना, तर तिला सांगता येतं," थोरली पडद्याकडे बघत म्हणाली. "ती जरा वेळ फुगते आणि मग जेवायला वाढते. आणि बाई रागावल्या तर त्यांनाही सांगता येतं, कारण घंटा झाली की त्या निघून जातात. तू दोन्ही आहेस. तू रागावलीस की मला जायला जागाच राहत नाही."

सिस्टर पेटीचं झाकण मिटून त्यावर बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला चीड येत होती, आणि या वेळी ती कुणावर काढावी हे कळत नव्हतं. दहा वर्षं तिने धीर मागितला होता. रोज, दोन वेळा. या पोरीने कुणाकडे काय मागितलं असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

खिडकीबाहेर फावडं खणखणलं. मोठ्या बाई भुंग्याला खड्डा कसा खणावा हे सांगत होत्या, आणि भुंगा त्यांना त्यांची खुर्ची मुंग्यांच्या वारुळावर आहे हे सांगत होता.

"तिकडे गणवेश असतो ना?" सिस्टरने विचारलं.

थोरलीने मान वर केली.

"असतो की नाही?"

"असतो. निळा. पूर्ण बाह्यांचा."

"बाजारातल्या बाह्या तुला कधी पुरल्यात? इकडे ये. सरळ उभी राहा. पोक काढू नकोस." सिस्टरने उठून पेटीतून टेप काढला. उन्हाळाभर बंद असल्याने तो गुंडाळीतून सुटताना अडखळला. "आणि गुरुवारी संध्याकाळी आजीचं व्याकरण चुकवायचं नाही. मी त्यांना तोंड देणार नाही, सांगून ठेवते. आणि सकाळचं वाचन सगळ्यांबरोबर. शाळा आहे म्हणून उशिरा उठलीस तर बघ."

"हो."

"आणि आत्याशी मी चार दिवस बोलणार नाहीये. मध्ये पडू नकोस."

"नाही पडत."

"हात पुढे कर."

थोरलीने हात पुढे केला. सिस्टरने टेप लावण्याआधी, सवयीने म्हणा किंवा खोडीने, आपला हात तिच्या हाताला लावून पाहिला, कोपराला कोपर. पोरीची बोटं तिच्या बोटांच्या कितीतरी पुढे गेली होती. हे केव्हा झालं? पोरगी चोवीस तास डोळ्यांसमोर होती, आणि सिस्टरला ते दिसलं नव्हतं.

मागून पायांचा आवाज आला. लिफ्टवाला दारात उभा होता, गुडघ्यांपर्यंत मातीने भरलेला, कपाळावर मातीचा पट्टा.

"सिस्टर, तो टेप जरा..." तो म्हणाला, आणि थांबला.

त्याने टेप पाहिला. टेप मुलीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला होता. त्याने पलंगावर पसरलेल्या पडद्यांकडे पाहिलं. त्यांना बाह्या नव्हत्या. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तो ज्या सावकाशीने बाहेर काढत असे, तेवढ्याच सावकाशीने त्याला ते कळत गेलं. सिस्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हा धडा काढणार, तिला वाटलं. काढला तर हाच टेप त्याच्या गळ्याला गुंडाळीन.

त्याने काढला नाही. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि माती आणखी पसरली.

"तुमचं झालं की दे," तो म्हणाला. "खड्डे परत घ्यायचेत. हाताने नाही जमत ते."

"तिथेच थांबा," सिस्टर म्हणाली. "दुसरा हात राहिलाय अजून."